गुडघा डावा, अंगठा उजवा, गाडी कोणती?

प्रश्न: माझं वय 58, उंची पाच फूट एक इंच. राहणार सातारा. बारा-तेरा वर्षं जुनी, हाताने गिअर बदलायची छोटी गाडी मी रोज चालवते. डाव्या गुडघ्याची झीज झाली आहे आणि उजवाही कुरकुरायला लागलाय. दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी दुखतं, उजवीकडे जास्त. किल्ली फिरवताना कळ येते. पोवई नाक्यावर गर्दीत सापडले की घरी येईपर्यंत डावा पाय आखडतो. महिन्यातून एकदा पुण्याला लेकीकडे जाते. शेजारी मिस्टर असतात, त्यांना मानेचा स्पाँडिलायटिस आहे. मुलगा म्हणतो, उंच एसयूव्ही घे. शोरूमवाले म्हणतात, ऑटोमॅटिक घ्या, सगळे प्रश्न मिटतील. बजेट दहा-अकरा लाख. काय करू?

उत्तर: ताई, मुलगा आणि शोरूमवाले दोघंही अर्धं बरोबर सांगताहेत. तुमचं डावं गुडघं क्लचमुळे दुखतं, उजवं ब्रेकमुळे दुखणार आहे, अंगठा किल्ली आणि हँडब्रेकमुळे दुखतो, आणि या सगळ्याच्या आधी गाडीत बसताना-उतरताना दोन्ही गुडघ्यांना पीळ बसतो. हे चार वेगळे त्रास आहेत. एकाच गाडीत चारही सुटतील असं नाही, म्हणून कोणता आधी सोडवायचा ते ठरवून मगच गाड्या बघायला निघा.

आधी घरच्या गाडीबद्दल, कारण नवी येईपर्यंत तीच चालवायची आहे. क्लच पूर्वीपेक्षा जड लागतोय का? क्लच प्लेट झिजत जाते तसा पेडल दाबायला जास्त जोर लागतो. केबलवरचा क्लच असेल तर आतली केबल कोरडी पडूनही पेडल जड होतं. हे इतकं हळूहळू होतं की चालवणाऱ्याला कळत नाही. दुसऱ्या कोणी गाडी हातात घेतली की तो लगेच विचारतो, 'एवढा कडक क्लच?' गॅरेजमध्ये आधी केबल बघायला सांगा. क्लचचा सेट बदलावा लागला तर हजारांत खर्च येईल, पण पेडल नक्की हलकं होईल. टायरची हवाही बघा. पुढच्या टायरात हवा कमी असेल तर स्टिअरिंग जड होतं आणि तो भार मनगटावर, अंगठ्यावर येतो.

आता ऑटोमॅटिक. घ्यायचीच, यात दुमत नाही. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत एकदा क्लच किती वेळा दाबता ते मोजा, मग डाव्या गुडघ्याची बाजू आणखी मांडावी लागणार नाही. पण 'ऑटोमॅटिक' या एका शब्दाखाली शोरूममध्ये निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात आणि तुमच्यासाठी त्यांत फरक आहे.

तुमच्या बजेटमध्ये सगळ्यात जास्त दिसेल ती एएमटी. मारुती तिला एजीएस म्हणते. आत क्लच आणि गिअर नेहमीचेच असतात, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तुमच्या पाय-हातांऐवजी यंत्र करतं. म्हणून ती स्वस्त. पण गिअर बदलताना क्षणभर इंजिनाची ताकद तुटते आणि गाडी किंचित मागे-पुढे डुलते. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना हे जास्त जाणवतं. डावं गुडघं यात सुटतं, पण शेजारी बसलेल्या मिस्टरांची मान प्रत्येक गिअरला हलते. गिअर बदलायच्या सुमारास अ‍ॅक्सिलरेटर अगदी हलका सोडला की धक्का कमी होतो. आठ-दहा दिवसांत पायाला अंदाज येतो, तरी धक्का पूर्ण जात नाही.

एएमटीची दुसरी गोष्ट शोरूममध्ये कोणी आपणहून सांगत नाही: तिला 'पी' म्हणजे पार्किंगचा गिअर नसतो. गाडी उभी करताना इंजिन बंद करण्याआधी गिअर डी (पुढे जायचा) किंवा आर (मागे जायचा) यात ठेवायचा आणि हँडब्रेक नीट ओढायचा. साताऱ्यात सपाट रस्त्यावर पार्किंग मिळणं म्हणजे नशीबच. उतारावर हँडब्रेक ढिला ओढून चालत नाही, आणि तुमचे अंगठे असे. म्हणजे एएमटीने गुडघा सोडवला आणि भार अंगठ्यावर टाकला. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर या ऑटोमॅटिकच्या दुसऱ्या दोन प्रकारांत 'पी' असतो, त्यात गिअरबॉक्स आतून अडकतो. तिथेही हँडब्रेक लावायचाच, पण सगळी भिस्त त्याच्यावर नसते. दोन्ही प्रकार एएमटीपेक्षा मऊ चालतात. सीव्हीटीत तर ठरावीक गिअरच नाहीत, त्यामुळे धक्काही नाही. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन आधी ओरडतं आणि वेग मागून येतो, ही तिची सवय. काही जणांना ती अजिबात आवडत नाही. मिस्टरांच्या मानेचा विचार केला तर हा ओरडा परवडला.

हँडब्रेकच्या जागी बटण असलेला इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक आणि सोबत 'ऑटो होल्ड' मिळालं तर ते तुमच्यासाठी सनरूफपेक्षा शंभरपट कामाचं आहे. सिग्नलला गाडी थांबली की ऑटो होल्ड ब्रेक स्वतः धरून ठेवतं, तुम्ही पाय काढून घ्यायचा. ऑटोमॅटिक गाडी ब्रेक सोडला की आपोआप पुढे सरकते, त्यामुळे हे नसेल तर गर्दीत उजवा पाय सतत ब्रेकवर राहतो. डाव्या गुडघ्याची सुटका झाली आणि उजवं गुडघं धरलं, अशी तक्रार ऑटोमॅटिक घेतल्यावर सहा महिन्यांनी येते ती यातूनच. 'हिल होल्ड' आणि 'ऑटो होल्ड' ही नावं सारखी वाटतात, काम वेगळं. हिल होल्ड चढावर दोन-तीन सेकंद ब्रेक धरतं, एवढंच. सेल्समन दोन्हींची सरमिसळ करतात, तेव्हा स्वतः बघा. तुमच्या बजेटमध्ये ऑटो होल्ड मिळालंच तर वरच्या व्हेरियंटमध्ये मिळेल. नसेल तर लांबच्या सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये टाकून हँडब्रेक लावा आणि पाय सैल सोडा.

हँडब्रेक ओढण्याचीही रीत आहे. आधी पायाने ब्रेक पक्का दाबून ठेवायचा, मग हँडब्रेक चार बोटांनी आणि तळहाताने खालून वर ओढायचा. ओढताना बटण दाबायची गरज नसते. सोडताना दांडी आधी किंचित वर उचलायची, म्हणजे बटणावरचा ताण जातो आणि ते अंगठ्याच्या टोकाऐवजी तळहाताच्या गादीनेही दाबता येतं.

किल्लीचं सोपं आहे. बटणाने सुरू होणारी गाडी घ्या. हे बहुतेक वेळा वरच्या व्हेरियंटमध्येच येतं, पण तुमच्यासाठी वरच्या व्हेरियंटचे पैसे मोजायला हेच कारण पुरेसं आहे. दाराच्या हँडललाही बटण असेल, म्हणजे खिशातली किल्ली बाहेर काढावी लागत नाही, तर आणखी बरं. दाराचं हँडल मात्र मुठीत धरून ओढता येणारं हवं. बोटं खालून वर घालून उचलायचं पाखासारखं हँडल, किंवा दारात सपाट बसलेलं हँडल, दुखऱ्या बोटांना वैरी आहे.

आता टेप घ्या. गाडीच्या माहितीपत्रकात लांबी, रुंदी, डिक्कीचे लिटर सगळं असतं. ड्रायव्हरची सीट जमिनीपासून किती उंच, हे बहुधा नसतं. तुम्हाला हवा तो आकडा नेमका हाच. घरी रोजच्या चपला घालून खुर्चीवर बसा आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या खाचेपर्यंतची उंची मोजा. तुमच्या चणीला ती 40 सेंटिमीटरच्या आसपास भरेल. गाडीच्या सीटची दाराकडची कड त्यापेक्षा 10 ते 20 सेंटिमीटर वर असावी, म्हणजे साधारण 50 ते 60. त्याखाली असेल तर बसताना शेवटी धप्पकन पडायला होतं आणि उठताना अख्खं वजन गुडघ्यावर घ्यावं लागतं. त्याच्या बरीच वर असेल तर आधी एक पाय आत टाकून त्यावर चढावं लागतं, आणि तो एक पाय म्हणजे दुखरा डावाच, कारण आपल्याकडे ड्रायव्हर उजव्या बाजूने चढतो. उंच एसयूव्हीची अडचण हीच. सहा फुटी मुलाला ती सोयीची, तुम्हाला जिना. पायरीचा रॉड बसवून भागत नाही: पावसात तो निसरडा होतो आणि गुडघ्याला चढायची एक पायरी वाढते.

दुसरं माप दाराच्या उंबऱ्याचं. सीट आणि उंबरा यांच्यात किती खोलगट आहे आणि उंबरा किती रुंद आहे ते बघा. उंबरा रुंद असेल तर सीट योग्य उंचीची असूनही पाय लांब फेकावा लागतो. तिसरं, दार किती उघडतं. टाटाच्या पंच आणि अल्ट्रोझची दारं जवळजवळ 90 अंशांत उघडतात. गुडघ्याला ते फार सोयीचं, पण तुमच्या सोसायटीत शेजारची गाडी दीड हातावर उभी असेल तर नव्वद अंशांचं काय करणार? म्हणून टेस्ट ड्राइव्हची गाडी स्वतःच्या पार्किंगच्या जागेत नेऊन उभी करा आणि तिथे उतरून बघा.

बसायची पद्धत बदला, निम्मा त्रास तिथेच कमी होईल. सीट आधीच पूर्ण मागे सरकवून ठेवा, नाहीतर स्टिअरिंग मांडीला अडतं. सीटकडे पाठ करा, कड मांडीला मागून लागली की टेका, आणि मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत फिरा. एक पाय आत, एक बाहेर ठेवून शरीर वळवलं की गुडघा पिळतो, आणि झिजलेल्या गुडघ्याला वाकण्यापेक्षा पिळणं जास्त लागतं. उतरताना हेच उलट. आधाराला दार धरू नका, ते हलतं. अनेक गाड्यांत छताचं पकडायचं हँडल ड्रायव्हरच्या बाजूला नसतंच. दाराचं कुलूप जिथे अडकतं त्या लोखंडी कड्यात रोवायची मूठ ऑनलाइन मिळते. ती घ्या, पण दार लावण्याआधी काढायला विसरू नका. फिरणारी गोल गादी ड्रायव्हरच्या सीटवर वापरू नका. ब्रेक जोरात दाबताना ती अंगाखालून सरकते. ती मिस्टरांच्या बाजूला ठीक, तीही चढता-उतरतानाच.

सीट लावताना कमी उंचीच्या माणसांची एक चूक हमखास होते. समोरचं दिसावं म्हणून सीट वर घेतली जाते, मग टाच जमिनीवर टेकत नाही आणि पाय पेडलवर लोंबकळतो. अ‍ॅक्सिलरेटरवरून ब्रेकवर जाताना टाच खाली टेकलेली राहून फक्त पंजा फिरला पाहिजे. तसं झालं नाही तर प्रत्येक वेळी अख्खी मांडी उचलावी लागते. आधी सीट पुढे-मागे लावा: ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मग उंची: कंबर गुडघ्यापेक्षा खाली नको. गुडघ्याच्या मागे आणि सीटच्या कडेत दोन-तीन बोटं जागा ठेवा. शेवटी छाती आणि स्टिअरिंगमध्ये किमान 25 सेंटिमीटर अंतर आहे ना ते बघा, आत एअरबॅग आहे. हे सगळं एकाच वेळी जमत नसेल तर ती गाडी तुमची नाही, मग कितीही आवडो. ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय बाजूच्या फूटरेस्टवर ठेवायचा. ब्रेकला तो कधीच वापरायचा नाही. त्याला क्लच मुळापर्यंत दाबायची सवय आहे, त्याच जोराने तो ब्रेक दाबेल आणि मागचा माणूस येऊन आदळेल.

स्टिअरिंग घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरा आणि अंगठा कड्याभोवती आवळू नका, वर नुसता टेकवा. कडं बारीक असेल तर शिवून बसवलेलं जाडसर कव्हर घालून घ्या. बोटं जितकी कमी आवळली जातील तितका अंगठ्याच्या मुळावरचा ताण कमी. नुसतं ओढून चढवलेलं ढिलं कव्हर हातात फिरतं, ते धोक्याचं. डिक्कीचं दार वर गेल्यावर हात पोहोचत नसेल तर आतून एक पट्टा बांधा, काम झालं.

इंधनाचं थोडक्यात. सीएनजी स्वस्त पडतो, पण भरताना सगळ्यांना गाडीतून उतरावं लागतं आणि रांगेत उभं राहावं लागतं. दोन दुखऱ्या गुडघ्यांना आणि मिस्टरांच्या मानेला हे दर भरण्याला. डिक्कीतली जागा जाते ती वेगळीच. तुम्हाला पेट्रोल बरं. विजेची गाडी मात्र गंभीरपणे बघण्यासारखी आहे: गिअरच नाही, धक्का नाही, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडी स्वतःच मंदावते, त्यामुळे ब्रेकचं काम बरंच कमी होतं. उजव्या गुडघ्यासाठी याहून चांगलं काही नाही. दोन गोष्टी तपासा. काही विजेच्या गाड्यांत बॅटरी खाली असल्यामुळे तळ वर येतो, गुडघे छातीकडे जातात आणि मांडीला आधार उरत नाही. आणि चार्जिंगची जाड केबल रोज उचलून खोचायची ताकद अंगठ्यात आहे का, ते खरंच खोचून बघा.

नावं घ्यायची तर, चढता-उतरताना वॅगनआर एजीएसशी स्पर्धा करणाऱ्या गाड्या या किमतीत थोड्या. 1675 मिलिमीटर उंच, छताला डोकं लागत नाही, बसणं खुर्चीसारखं. पण ती एएमटी, म्हणजे हँडब्रेक आणि मानेचा प्रश्न राहतोच. टाटाची पंच आणि ह्युंदाईची एक्स्टर याही पेट्रोलमध्ये एएमटीच. निसानची मॅग्नाइट आणि रेनोची कायगर यांत टर्बो इंजिनाबरोबर सीव्हीटी मिळते, मारुतीच्या फ्राँक्सच्या टर्बोला टॉर्क कन्व्हर्टर. यांत वरचे व्हेरियंट तुमचं बजेट ताणतील. सेडान नको, सगळ्या खाली बसायच्या. आमचं झुकतं माप सीव्हीटीकडे आहे: टेपने सीटची कड 60 च्या आत भरली तर मॅग्नाइट-कायगरपैकी एक. नाही भरली तर वॅगनआर घ्या आणि हँडब्रेकची वरची रीत अंगवळणी पाडा. बजेट एक-दोन लाखांनी हलत असेल आणि घराखाली स्वतःचं चार्जिंग बसवता येत असेल, तर पंचची विजेवरची आवृत्ती या सगळ्यांच्या आधी बघा.

लायसन्सचं विसरू नका. वयाच्या 55 नंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं आणि डॉक्टरांचा फॉर्म 1-अ लागतो. गाडीत हाताने चालणारा ब्रेक किंवा डाव्या पायाचा अ‍ॅक्सिलरेटर असे बदल करायचे झाले तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. तुम्हाला आत्ता त्याची गरज दिसत नाही. दुखण्याच्या गोळ्यांत ट्रामाडॉल किंवा प्रीगॅबालिन असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, 'ही घेऊन गाडी चालवू का?' दोन्हींनी झापड येते. आणि एक परीक्षा स्वतःची: गाडी उभी, इंजिन चालू, हँडब्रेक लावलेला. समोर अचानक पोर आलं असं समजून ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा आणि दहा अंक मोजेपर्यंत धरा. उजवं गुडघं दुखण्याच्या भीतीने कचरलं, तर गाडीचा विचार नंतर, आधी ऑर्थोपेडिक डॉक्टर.

टेस्ट ड्राइव्ह सकाळी घ्या, उठल्यावर सांधे आखडलेले असतात तेव्हा. दुपारी औषध घेऊन मोकळे झालेले गुडघे कुठल्याही गाडीला पास करतात. जो व्हेरियंट घ्यायचा तोच मागा, वरच्या व्हेरियंटची गाडी दाखवून खालचा विकतात. शोरूमच्या पाठीमागची दहा मिनिटांची फेरी नको. यवतेश्वराच्या चढाला न्या, मध्ये थांबून पुन्हा सुरू करा, गाडी किती मागे येते ते बघा. उतरताना एम मोडमध्ये (यात गिअर आपण निवडतो) दुसरा गिअर टाकून ब्रेकवरचा भार किती कमी होतो ते बघा. सीव्हीटीत हे 'एल' अशी खूण असलेल्या किंवा तत्सम मोडने होतं. मिस्टरांना शेजारी बसवा. परत आल्यावर सलग पाच वेळा उतरा-चढा. पहिल्या वेळेला सगळ्याच गाड्या बऱ्या वाटतात, चौथ्याला खरं कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय दुखतंय ते बघा आणि बुकिंगचे पैसे त्यानंतर भरा.